पाथरीचे ज्योतिषी आणि पेकिंगचें पंचांग

आमच्या घरीं दोन पंचांगें येतात. एक दाते पंचांग, तें वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलें. दुसरें टिळक पंचांग, तें मातोश्रींनीं आपल्या माहेरच्या अभिमानासकट या घरांत आणिलेलें. वर्षांतील बहुतेक दिवस हीं दोन्ही एका खुंटीवर गुण्यागोविंदानें नांदतात. परंतु ज्या वर्षीं एकाचा अधिक मास दुसऱ्यास मान्य नसतो, त्या वर्षीं घरांतील शांतता बिघडते. एकाच्या हिशेबानें गणपति यावयाचे असतात, तों दुसऱ्याच्या हिशेबानें ते येऊन, मोदक खाऊन, विसर्जनहि पावलेले असतात. वडील हयात होते तोंवर हा तंटा थट्टेवारी निघून जात असे. ते गेल्यानंतर अशाच एका वर्षीं त्यांच्या श्राद्धाची तिथि दोन पंचांगांत महिन्याच्या अंतरानें आली, आणि थट्टेचा विषय एकाएकीं गंभीर झाला.

त्या सुमारास आमचा भाचा परभणीस आमच्याकडे आला होता. तो इतिहासाचा विद्यार्थी असून चीन देशाचा इतिहास हा त्याच्या विशेष आवडीचा विषय. घरांतील खल ऐकून तो म्हणाला, “मामा, सरकारच एकदां काय तें ठरवून कां टाकीत नाहीं?” आम्हीं त्यास सांगितलें कीं, बाबा रे, सरकारनें केव्हांच ठरविलें आहे. १९५२ सालीं डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली, १९५५ सालीं तिचा अहवाल आला, आणि २२ मार्च १९५७ रोजीं, म्हणजे शके १८७९ च्या चैत्राच्या पहिल्या दिवशीं, भारताचें राष्ट्रीय पंचांग अमलांत आलें. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापली जाते; परंतु तिच्यावरून कोणीं मुंज किंवा श्राद्ध ठरविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. यावर भाचा हंसून म्हणाला, “जुन्या चीनमध्यें सरकारी पंचांग बाजूला सारून कोणी स्वतःचें पंचांग काढतें, तर त्याचें डोकें ठिकाणावर राहिलें नसतें.”

हें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें. पंचांग ही आम्ही घरगुती वस्तु समजत होतों. ती राजसत्तेची वस्तु असूं शकते, आणि ग्रहगणित करणारा मनुष्य त्यामुळें राजकारणी पुरुष ठरूं शकतो, हा विचार आम्हांस नवा होता. त्याचा माग काढीत आम्ही वाचूं लागलों. त्या वाटेचें एक टोंक पेकिंगला निघालें, हें अपेक्षितच होतें. दुसरें टोंक आमच्याच जिल्ह्यांत पाथरीस निघेल, अशी मात्र कल्पना नव्हती.

चिनी राज्यव्यवस्थेचा पाया असा कीं, बादशहा हा स्वर्गाच्या आज्ञेनें राज्य करतो. ती आज्ञा अद्याप त्याजपाशीं आहे किंवा नाहीं, याची खूण आकाशांत पाहावयाची. भाकीत नसतां ग्रहण लागलें, तर तो नुसता गणकाचा प्रमाद होत नसे. राज्यकारभारांतील न्यूनावर स्वर्गानें ठेविलेलें तें बोट समजलें जाई. म्हणून राजधानींत सरकारी ज्योतिषखातें असे, आणि दरसाल पंचांग प्रसिद्ध करणें हा बादशहाचा हक्क असे. कोरियासारख्या मांडलिक राज्यानें तें पंचांग स्वीकारणें हेंच मांडलिकत्वाचें चिन्ह. मिंग घराण्याच्या आरंभींच्या काळांत खासगी रीतीनें ज्योतिषाचा अभ्यास करण्यासहि मनाई होती; आणि सरकारी पंचांगावरच अशी ताकीद छापलेली असे कीं, याची बनावट प्रत काढणाराचा शिरच्छेद केला जाईल व त्यास पकडून देणारास बक्षीस मिळेल. अशा देशांत शास्त्रज्ञानें राजकारण टाळावयाचें म्हटलें, तरी तें टळावें कसें?

शांघायच्या श्यू ग्वांगछीचें (१५६२–१६३३) उदाहरण घ्यावें. हा गृहस्थ मोठा राजपुरुष. परंतु त्याची खरी आवड गणितांत. मातेओ रिच्ची या इटालियन जेझुइट पाद्र्याबरोबर बसून त्यानें युक्लिडच्या भूमितीचीं पहिलीं सहा पुस्तकें चिनी भाषेंत उतरविलीं. तीं १६०७ सालीं प्रसिद्ध झालीं. २१ जून १६२९ रोजीं सूर्यग्रहण होतें. सरकारी खात्यानें जुन्या रीतीनें काढलेली वेळ चुकली, आणि श्यूनें युरोपीय गणितानें काढलेली वेळ बरोबर ठरली. तेव्हां पंचांग सुधारण्याचें काम त्याच्या हातीं आलें. या मनुष्याची राजनीति त्याच्या गणिताहून वेगळी नव्हती. राज्य टिकावयाचें तर शेत पिकलें पाहिजे आणि सीमा राखली पाहिजे. आणि या दोन्ही गोष्टी सुभाषितांनीं साधत नसून मोजमापानें साधतात, हें त्याचें मत. त्यानें सैन्य शिकविण्याचा व तोफा आणविण्याचा आग्रह धरला. शेतीवर प्रचंड ग्रंथ रचला, तो त्याच्या मृत्यूनंतर १६३९ सालीं बाहेर आला, आणि त्याचा मोठा भाग दुष्काळाच्या निवारणाला वाहिलेला आहे. ज्या परभणीस १९७२ सालापासून कृषिविद्यापीठ आहे आणि जेथें पावसानें पाठ फिरविली कीं घराघरांत काळजी शिरते, तेथील रहिवाशास या ज्योतिष्याबद्दल आपलेपणा वाटावा यांत नवल नाहीं.

परंतु राजदंडाच्या सावलींत वाढलेलें शास्त्र राजदंडाच्या फटक्यांतहि सांपडतें. १६४४ सालीं मिंग घराणें बुडालें आणि मांचूंचें छिंग घराणें आलें. नव्या राजांना नवें पंचांग हवें होतें. तें आडाम शाल या जर्मन जेझुइटानें दिलें, व सरकारी ज्योतिषखातें त्याच्या हातीं गेलें. १६६४ सालीं यांग ग्वांगश्येन नांवाच्या पंडितानें शालवर व त्याच्या सहकाऱ्यांवर राजद्रोहाचा व पाखंडाचा आरोप केला. पंचांग थोडें चुकलें तरी चालेल, पण परकी मनुष्य देशांत नको, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. शालला देहांताची शिक्षा झाली. पुढें भूकंप झाला, तो अपशकुन मानला गेला, आणि शाल वांचला. पण त्याच्या हाताखालील पांच चिनी ज्योतिष्यांचीं डोकीं १६६५ सालीं उडालीं. त्यांचा अपराध आकडेमोडीचाच म्हणावा लागेल. यांग स्वतः खात्याचा प्रमुख झाला, परंतु त्याला ग्रहगणित येत नव्हतें. १६६८ च्या डिसेंबरांत तरुण खांगशी बादशहानें व्हर्बीस्ट या पाद्र्याची व विरोधी पक्षाची परीक्षा घेतली. एक खांब उभा करून, माध्यान्हीं त्याची छाया कोठवर पडेल हें आधीं सांगावयाचें, आणि मग अधिकाऱ्यांच्या देखत मोजावयाचें. व्हर्बीस्टचें उत्तर जुळलें, आणि १६६९ सालीं यांग पदच्युत झाला.

या धामधुमींत जे ज्योतिषी दरबारांत नव्हते, त्यांचे विचार आम्हांस अधिक मोलाचे वाटले. वांग शीशान (१६२८–१६८२) यानें मिंग घराणें बुडालें तेव्हां कोवळ्या वयांत प्राण देण्याचा प्रयत्न केला. वांचल्यावर नव्या राजांची चाकरी जन्मभर पतकरली नाहीं. घरीं बसून तो आकाश पाहात राहिला, आणि पूर्व व पश्चिम या दोन्ही रीतींचे दोष दाखवीत त्यानें १६६३ सालीं स्वतःचें ज्योतिष रचलें. त्याच सुमारास ह्वांग झोंगशी (१६१०–१६९५) यानें राजनीतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. हाहि पंचांगगणितावर लिहिणारा मनुष्य. राजे लोक सर्व देश हा आपल्या घरची मालमत्ता समजूं लागले, हेंच साऱ्या अनर्थाचें मूळ, असें त्यानें लिहिलें. बरेंवाईट ठरविण्याचा अधिकार एकट्या राजाच्या मुखीं न राहतां विद्यालयांत चर्चेनें वापरला जावा, असें सुचविलें. आणि राज्यानें ज्यांची कदर करावी अशा दुर्मिळ विद्यांत पंचांगगणित, तोफाविद्या व जलसिंचन यांची गणना केली. मेइ वेंडिंग (१६३३–१७२१) हा तिसरा. यानेंहि नोकरी केली नाहीं, परंतु १७०५ सालीं खांगशी बादशहानें त्यास नावेवर बोलावून गणिताची चर्चा केली. युरोपीय गणित मूळचें चीनचेंच असून तें पश्चिमेकडे जाऊन परत आलें, या मताला बादशहाचा व मेइचा दोघांचाहि पाठिंबा होता. इतिहास म्हणून तें मत टिकत नाहीं. परंतु परक्याचें ज्ञान घ्यावयाचें आणि मान खालीं घालावयाची नाहीं, ही त्यांतील गरज कोणासहि समजण्यासारखी आहे.

इतकें झाल्यावर भाच्यानें साहजिकच विचारलें, “मग आपल्याकडच्या ज्योतिष्यांचें राजकारण काय?” आम्हीं वडिलांच्या कपाटांतून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ काढला. १८९६ सालीं निघालेला हा ग्रंथ ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं तो धूळ झटकून पुन्हां पाहावा. त्यांत पार्थपूरच्या ज्ञानराजांचें प्रकरण उघडलें, आणि पार्थपूर म्हणजे आपली पाथरी हें वाचून आम्ही क्षणभर थबकलों. परभणीहून एस.टी.नें जावें, आणि बाजार करून संध्याकाळीं परतावें, एवढें हें अंतर!

ज्ञानराजांचा ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ शके १४२५ चा, म्हणजे सन १५०३ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांनंतर साडेतीनशें वर्षांनीं सिद्धांतज्योतिषाची समग्र मांडणी करणारा एवढा मोठा ग्रंथ गोदेच्या उत्तरेकडील या गांवांत लिहिला गेला. त्याचें इंग्रजी भाषांतर २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. ज्ञानराजांचे पुत्र चिंतामणि यांनीं त्यावर टीका लिहिली. दुसरे पुत्र सूर्यदास यांनीं १५३८ सालीं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर व १५४१ सालीं लीलावतीवर टीका रचिल्या. शिवाय गीतेवर भाष्य केलें, आणि सुलट वाचलें असतां रामचरित्र व उलट वाचलें असतां कृष्णचरित्र निघावें असें एक काव्यहि केलें.

आतां हा काळ कोणता, तें पाहावें. बहमनी राज्य मोडकळीस आलें होतें. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा तिच्यावर डोळा होता. फरिश्ता सांगतो कीं, निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष हा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यांतील ब्राह्मण; म्हणून बुऱ्हाण निजामशहाला हें पूर्वजांचें गांव हवें होतें. इमादशहा देईना, तेव्हां १५१८ सालीं त्यानें तें लढून घेतलें, आणि आपल्या ब्राह्मण नातेवाइकांस इनाम दिलें. म्हणजे सूर्यदासांच्या बालपणींच त्यांच्या गांवावरून दोन राज्यांचें युद्ध झालें. अशा वेळीं पेकिंगच्या ज्योतिष्यास नवें पंचांग करावें लागलें असतें, किंवा वांग शीशानसारखें व्रत धरावें लागलें असतें. पाथरीच्या ज्योतिष्यास यांपैकीं कांहींच करावें लागलें नाहीं. इमादशाही गेली आणि निजामशाही आली, म्हणून एकादशी बदलली नाहीं. शक शालिवाहनाचा होता. शालिवाहन काहीं कोणावर चाल करून येणार नव्हता.

मग या लोकांना राजकीय विचार नव्हताच काय? राजनीतीवरील ग्रंथाबद्दल ज्ञानराज प्रसिद्ध नाहींत. परंतु दोन प्रमाणें एकमेकांविरुद्ध उभीं राहिलीं असतां सत्ता कोणाची मानावी, हाहि राजकारणाचाच प्रश्न आहे, आणि तो त्यांच्या ग्रंथांत आरंभापासून उभा आहे. पुराणांतील भूगोल एक सांगतो, सिद्धांतांतील गोल दुसरें सांगतो. भास्कराचार्यांनीं स्वच्छ म्हटलें होतें कीं, पृथ्वी आपल्या अंगच्या शक्तीनें अधांतरीं राहते, तिला आधार नको. ज्ञानराजांनीं त्यांच्याशीं वाद घालून पुराणांतील आधाराला जागा करून दिली. परंतु पृथ्वी गोल आहे हें सोडलें नाहीं, आणि गणितांत तडजोड केली नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें आम्हांस भास्कराचार्यांचा पक्षच बलवत्तर वाटतो. तथापि ज्या गांवावर आज एकाचा व उद्यां दुसऱ्याचा अंमल, तेथें एका विद्वानानें पुराणिक आणि गणक यांना एका पंक्तीस बसविण्याची धडपड करावी, यांत कांहीं अर्थ आहे. सूर्यदास तर आणखी पुढें गेले. आपल्या एका संग्रहग्रंथांत त्यांनीं म्लेंच्छमताचें निरूपण स्वतंत्र प्रकरणांत केलें. परक्याचें मत खोडण्यापूर्वीं तें नीट मांडावें लागतें, आणि नीट मांडण्यापूर्वीं शिकावें लागतें.

हीच गोष्ट पुढें काशीस मोठ्या प्रमाणावर झाली. गोदेच्या उत्तर तीरावरील गोलग्राम या गांवचे दिवाकर दैवज्ञ हे ग्रहलाघवकर्त्या गणेश दैवज्ञांचे शिष्य. त्यांचे पांच पुत्र ज्योतिषी झाले, आणि घराणें काशीस जाऊन वसलें. त्यांच्या वंशांतील कमलाकर यांनीं १६५८ सालीं ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. त्यांत समरकंदच्या उलुगबेगाचें नांव येतें, यवनांच्या गणिताचा उपयोग येतो, आणि आपण ज्यास ध्रुव म्हणतों तो तारा अचल नाहीं असें रोखठोक विधान येतें. त्यांचे प्रतिस्पर्धी मुनीश्वर हे विदर्भांतील दधिग्रामहून काशीस आलेल्या घराण्यांतले. त्यांच्या चुलत्यांना जहांगीराचा व त्यांना शहाजहानाचा आश्रय होता. मुनीश्वर भास्कराचार्यांचे अभिमानी, कमलाकर सूर्यसिद्धांताचे. दोन्ही घराणीं मराठी मुलखांतलीं, दोघेहि काशीचे, आणि वैर पक्कें! एकमेकांच्या रीतींचें खंडन करणारे ग्रंथ दोन्ही बाजूंनीं निघाले. परक्याचें ज्ञान घेतांना लागणारी ढाल येथेंहि होती. सूर्यानें ज्योतिष मय नांवाच्या असुराला सांगितलें, असें सूर्यसिद्धांतच म्हणतो. मग यवनांजवळ जें आहे तेंहि मूळचें सूर्याचेंच, असें म्हणण्यास वाट मोकळी झाली. मेइ वेंडिंग आणि आमचे काशीकर यांची भेट झाली असती, तर या एका मुद्द्यावर त्यांचें एकमत झालें असतें.

येथवर आलों तेव्हां आम्हांस मोठा अभिमान वाटूं लागला होता. पेकिंगला पंचांगावरून पांच माणसें मारलीं गेलीं, आणि त्याच काळीं काशीस दोन घराणीं शब्दांनींच भांडत होतीं. येथें राजा पंचांगांत हात घालीत नव्हता आणि ज्योतिषी राजाच्या भयानें अंक फिरवीत नव्हता. भाच्यास आम्हीं हें मोठ्या ऐटींत सांगितलें. तो शांतपणें म्हणाला, “पण मामा, पेकिंगचा वाद एका खांबाच्या छायेनें मिटला. काशीचा कोणीं मिटविला?”

या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. खरोखरच, काशीचा वाद कोणीं मिटविला नाहीं. ज्यास राजाची भीति नाहीं त्यास राजाच्या अंगणांत खांब रोवून उत्तर देण्याचीहि गरज नाहीं. प्रत्येक घराण्याचा ग्रंथ प्रत्येक घराण्यांत प्रमाण राहिला. अपवाद सवाई जयसिंगांचा. त्यांनीं दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा व काशी येथें वेधशाळा बांधल्या, आणि त्यांच्या पदरचे जगन्नाथ सम्राट यांनीं, जे महाराष्ट्रीय मानले जातात, युक्लिडची भूमिति अरबीवरून संस्कृतांत आणली. तें साल १७१८. श्यू ग्वांगछीच्या भाषांतरानंतर एकशें अकरा वर्षांचें. परंतु जयसिंग १७४३ सालीं वारले, आणि एका राजाच्या हौसेवर उभें असलेलें काम त्यांच्या मागें ओसरलें. येथील ज्योतिष्याचें स्वातंत्र्य खरें. परंतु आपलें म्हणणें दहाजणांच्या देखत आकाशाशीं ताडून दाखविण्याची जबाबदारी त्यास कोणीं घातली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

१८६५ सालीं केरो लक्ष्मण छत्रे यांनीं युरोपीय गणिताच्या आधारें नवें पंचांग काढलें, तें पटवर्धनी म्हणून ओळखलें जातें. पुढें लोकमान्य टिळकांनीं पंचांगशुद्धीची चळवळ चालविली, परिषदा भरविल्या. राज्य इंग्रजांचें होतें, म्हणून शुद्ध पंचांग हाहि स्वाभिमानाचा विषय झाला. परंतु राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा, यावर मतैक्य झालें नाहीं. रेवतींतील ताऱ्यापासून मोजावें, असें टिळक पक्षाचें म्हणणें. चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून मोजावें, असें दुसऱ्याचें. या दोन आरंभांत सुमारें चार अंशांचा फरक आहे. सूर्यास तो चालून जावयास चार दिवस लागतात, म्हणून दोहोंच्या संक्रांति चार दिवसांच्या अंतरानें पडतात; आणि ज्या चांद्रमासांत संक्रांत नाहीं तो अधिक मास, असा नियम असल्यामुळें कधीं कधीं एकाचा अधिक मास तो दुसऱ्याचा नव्हे. आमच्या घरांतील तंट्याचें मूळ एवढेंच होतें. आमच्या जिल्ह्यानें तर आणखी एक कालगणना पाहिली आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येथें निजामाचा अंमल होता, आणि सरकारी कागदांवर फसली सालाचे आजूर, दै, बहमन हे महिने पडत. दप्तरांत आजूर लिहून आल्यावर आमचे आजोबा घरीं कार्तिकस्नान करीत असत, आणि यांत त्यांना कांहीं विसंगति वाटत नसे.

मध्यंतरीं आम्ही पाथरीस जाऊन आलों. ज्ञानराजांची एखादी खूण दिसावी, एवढीच इच्छा होती. ज्यास विचारलें त्यानें अगत्यानें साईबाबांच्या जन्मस्थानाच्या मंदिराकडे बोट दाखविलें. २०२० च्या जानेवारींत या गांवाच्या विकासासाठीं शंभर कोटींची घोषणा झाली होती, आणि जन्मस्थानाच्या उल्लेखाच्या निषेधार्थ १९ जानेवारीस शिर्डी बंद राहिली होती, हें वाचकांस आठवत असेल. संतांच्या जन्मस्थानाबद्दल लोकांना एवढी आस्था असावी, हें चांगलेंच. परंतु ज्ञानराजांच्या जन्मस्थानाबद्दल कोणतेंहि गांव कोणाशीं भांडत नाहीं, हें पाहून मनास चुटपुट लागली. शांघायमध्यें श्यू ग्वांगछीची समाधि सार्वजनिक उद्यानांत जपून ठेविली आहे, आणि त्या भागाचें नांवच श्यू घराण्यावरून पडलें आहे. ज्याला राज्यानें आपला मानला, त्याची आठवण राज्य ठेवतें. ज्यानें राज्याशीं देणेंघेणेंच ठेविलें नाहीं, त्याची आठवण कोणीं ठेवावी? ती तुम्हीं आम्हींच ठेविली पाहिजे.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहण होतें. मातोश्रींनीं वेध धरून लौकर जेवणें उरकलीं होतीं. भाचा पुन्हां आला होता. आम्ही सर्व गच्चीवर गेलों. भाच्यानें दोन्ही पंचांगें बगलेंत मारून आणिलीं होतीं, आणि तो विजेरीच्या उजेडांत वेळा वाचूं लागला. दहाच्या सुमारास स्पर्श, अकराच्या सुमारास पूर्ण ग्रास. दोन्ही पुस्तकें एकच सांगत होतीं. ढगांच्या फटींतून तांबूस झालेला चंद्र दिसला, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “यांत बरें भांडण नाहीं!”

आमच्या मतें त्या एका वाक्यांत सर्व आलें. ग्रहणाला आकाश स्वतः साक्ष देतें, म्हणून तेथें पक्ष उरत नाहींत. १६२९ सालीं पेकिंगलाहि उरले नाहींत. परंतु मोजणी कोठून सुरू करावी हें आकाशांत लिहिलेलें नाहीं. तें माणसांनीं आपसांत ठरवावयाचें असतें. जें पाहून ठरतें तें पाहूनच ठरवावें, तेथें राजाज्ञाहि नको आणि घराण्याचा अभिमानहि नको. जें पाहून ठरत नाहीं तें संमतीनें ठरवावें, आणि संमति न मिळाल्यास एकमेकांस सोसावें. पहिल्या गोष्टींत पाथरी आणि काशी उणीं पडलीं, दुसरींत पेकिंग उणें पडलें. ह्वांग झोंगशीनें विद्यालयांत ज्या खुल्या चर्चेची इच्छा धरली, तिच्यांत या दोहोंना जागा आहे. साहा समितीनें राष्ट्रीय पंचांग केलें आणि लोकांवर तें लादलें नाहीं, ही आम्ही पूर्वीं समितीची फजिती समजत होतों; आतां तसें वाटत नाहीं.

राहतां राहिला वडिलांच्या श्राद्धाचा प्रश्न. त्या वर्षीं पुरोहितांस विचारलें, त्यांनीं शास्त्रार्थ दोन्ही बाजूंनीं सांगितला. भावांत मतभेद झाला. शेवटीं मातोश्रींकडे गेलों. ज्यांनीं साठ वर्षें आपल्या माहेरच्या पंचांगाचा पक्ष सोडला नव्हता, त्या काय म्हणणार हें आम्ही गृहीतच धरलें होतें. त्यांनीं तांदूळ निवडतां निवडतां वर न पाहातां सांगितलें, “त्यांचें श्राद्ध त्यांच्या पंचांगानें करा. माझें व्हायचें तेव्हां माझ्या पंचांगानें करा, म्हणजे झालें.” त्याप्रमाणें श्राद्ध झालें. पुढें गणपति मात्र त्यांच्या हिशेबानें बसले, आणि दोन्ही पंचांगें पुन्हां एका खुंटीवर गेलीं.